चंद्रकलाची वेगळी चूल

कचेरीतून आलेला कागद रत्नाने तीनदा वाचला. पहिल्यांदा मनातल्या मनात, दुसऱ्यांदा मोठ्याने, आणि तिसऱ्यांदा लेकीच्या, तानीच्या तोंडातून तो काढून घेतल्यावर, ओला कोपरा पदराने टिपत. तिन्ही वेळा त्यात तेच होतं. अर्जदार चंद्रकला ही पायांनी अपंग असली तरी भावाच्या कुटुंबात एकाच चुलीवर जेवते, सबब तिला आधार आहे, सबब निराधारांचं अनुदान तिला देता येत नाही.

"म्हंजी काय झालं?" चंद्रकलाने विचारलं. ती उंबऱ्याशी बसून मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडत होती.

"म्हंजी आक्का, तुमी आमच्यात जेवता म्हनून न्हाई."

"आन् जेवले नसते तर?"

"तर दिलं असतं."

चंद्रकलाने एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "लई शानं हाय गं तुजं सरकार. आदी उपाशी ऱ्हा म्हनतंय, मग जेवाय घालतो म्हनतंय."

चंद्रकला ही रत्नाची मोठी नणंद. चौतीस वर्षांची. चौथ्या वर्षी आलेल्या तापाने तिचे दोन्ही पाय नेले होते, तेव्हापासून ती हातांवर चालायची. बापाने करून दिलेले लाकडी ठोकळे मुठीत धरायची आणि अंग उचलून पुढे टाकायची. त्या ठक् ठक् आवाजावरून आक्का घरात कुठे आहे ते रत्नाला डोळे मिटूनही कळायचं. तानी तर उभं राहायला शिकायच्या आधी आत्यासारखी बसल्या बसल्या सरकायला शिकली. लेकीचे पाय पण गेले की काय म्हणून जयसिंगची, म्हणजे रत्नाच्या नवऱ्याची, आठ दिवस झोप उडाली होती. मग एक दिवस पोरगी कुत्र्यामागे पळाली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

अर्जासाठी उन्हाळ्यात आक्काला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरने पाय हलवून, दाबून पाहिले आणि दाखल्यावर सत्तर टक्के अपंग असं लिहिलं. परतीच्या एस.टी.त आक्का खुशीत होती. "सत्तर टक्के पांगळी," ती शेजारच्या बाईला सांगत होती, "आन् राह्यलेली तीस टक्के मी."

कागदाचं काय करायचं ते ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सांगितलं. "पुन्हा अर्ज करा. बाईला पडवीत वेगळी चूल मांडून द्या. साहेब चौकशीला येतील, चूल बघतील, जातील."

जयसिंग तडकला. "माज्या सख्ख्या भनीला पडवीत काढू व्हय? गाव थुकंल तोंडावर."

"एक दिस तर काढ," चंद्रकला म्हणाली.

तो एक दिवसाला कबूल झाला. पण आक्का हे किती पटकन बोलली ते रत्नाच्या कानात राहिलं.

पडवी म्हणजे घराच्या कडेची उतरत्या छपराची जागा. तिथे सरपण आणि पेंढा असायचा. तो हलवून रत्नाने जमीन सारवली. चूल मात्र आक्काने तिला करू दिली नाही. ओढ्याकाठची चिकणमाती मागवली, त्यात भाताचं तूस आणि शेण घातलं आणि कोपरापर्यंत हात बुडवून ती मळायला बसली. मळताना गुणगुणत होती. तानी शेजारी बसून मातीचे गोळे करत होती, त्यातला एखादा खातही होती.

चूल उभी राहिली. मग आक्काने तिच्या बगलेला वैल काढायला घेतला. चुलीच्या आतल्या जाळावर दुसरं भांडं रटरटत राहावं म्हणून करतात तो.

रत्ना पाहत राहिली. "आक्का, एका दिसाच्या चुलीला वैल कशाला?"

 ओल्या तळव्याने आक्का वैलाची कड गुळगुळीत करत राहिली. तान्ह्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरत होता तिचा.

 रत्ना आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. शेवटी तानीला काखोटीला मारून ती आक्कापुढे येऊन बसली. "आमच्यात तुमाला काही कमी पडतं का वो? माजं काय चुकत असंल तर तोंडावर सांगा."

"न्हाई गं बया. तुजं कशाला चुकंल."

"मग?"

आक्काने हात कळशीत धुतले. सावकाश. "तुजं लगीन झालं तवा जयसिंगनं वटा बांधला. ध्यानात हाय?"

ध्यानात नसायला काय झालं. जयसिंग तेव्हा पुण्यात कोथरूडला दुधाचे रतीब घालायचा. तिथल्या बायका उभ्याने स्वयंपाक करतात हे त्याने पाहिलं आणि नव्या नवरीसाठी कमरेएवढा ओटा बांधला, चूलही त्याच्यावर चढवली. रिहे गावातल्या सगळ्या बायका तो ओटा बघून गेल्या होत्या. अठरा वर्षांची रत्ना त्या दिवशी जमिनीवर नव्हतीच.

"त्याच्या आदी सैपाक मीच करायची," आक्का म्हणाली. "आई गेली तवापून. आठ वरसं. ह्याला, आबाला, गड्यांना, आल्यागेल्याला. मग वटा झाला." तिने हात डोक्याच्या वर नेऊन हवेत एक आडवी रेघ ओढली. "सा वरसं झाली रत्ना, चुलीतला जाळ बगितला न्हाई. हितनं नुसता धूर दिसतो वरती."

 लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात रत्नानेच आक्काच्या हातातलं उलथणं मोठ्या मायेने काढून घेतलं होतं. "आता तुमी बसून खायाचं," म्हणाली होती. आणि आक्का हसली होती. ते हसू रत्नाने सहा वर्षं आशीर्वादासारखं जपून ठेवलं होतं.

"आदी का न्हाई बोलला?"

"नव्या नवरीला काय म्हनू, तुजा वटा पाड म्हनून? त्यानं हौसंनं बांधल्याला. आन् रुपया न्हाई माज्याकडं, कुनाच्या जिवावर येगळी चूल मागू?" आक्काने ठोकळे उचलले. "आता ते सरकार एक दिस तरी मांड म्हनतंय. म्हनलं, मांडायचीच तर नीट मांडू."

त्या संध्याकाळपासून रत्नाला एकच घोर लागला. अर्ज मंजूर झाला तर स्वतःच्या पैशावर आक्काची चूल राहणार होती. नाही झाला तर जयसिंग दुसऱ्या दिवशी ती उचकटून पेंढा जागच्या जागी रचणार होता.

चौकशीचा निरोप गावचा कोतवाल कुशाबा घेऊन आला. साहेब गुरुवारी येणार. जाताना वाटेत त्याला गोजराबाईने अडवलं. साठीची, ताठ कण्याची, आणि आळीतल्या सगळ्या चुलींवर स्वतःचीच सत्ता मानणारी बाई. साहेब कशाला येतोय, तिने विचारलं.

"चंद्रकलाची येगळी चूल बगाय," कुशाबा म्हणाला आणि पुढे गेला.

आता रिह्यात एक रीत आहे. नवी चूल मांडली की पहिला जाळ रिकाम्या घरात करू द्यायचा नाही. भाऊ वाटण्या करून एकमेकांची तोंडं बघत नसले तरी वेगळ्या निघालेल्या सुनेच्या घरी आळीतल्या बाया भरल्या हातांनी जातात. साहेब नेमकं काय बघायला येतोय हे कुशाबाने सांगितलं नाही, आणि गोजराबाईने विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी ती तांब्याचा हंडा कंबरेवर घेऊन आली. चिंचेने घासून असा लखलखीत केलेला, की तानी त्यात तोंड बघायला लागली. मागोमाग लीलाबाई परात आणि दोन पितळी डबे घेऊन आली. गंगूबाईने आंबेमोहोराच्या तांदळाने भरलेलं सूप आणलं. कोंडीरामतात्याने दोन गड्यांच्या डोक्यावर बाज पाठवली, वर नवी घोंगडी. कुणी कळशी, कुणी तवा, कुणी दुधाची चरवी. सारजाबाईने तर पाय बांधलेली कोंबडी आणली.

रत्ना दारात आडवी आली. "काकी, आज नगा. पाया पडते. उद्या आना. साहेब गरिबी बगाय येनार हायेत."

"मग साहेब यायच्या येळंला घर मोकळं ठिवू?" गोजराबाईने हंडा पडवीत टेकवला. "गावाला काय आब्रू हाय का न्हाई? म्हनंल, ह्या गावात बाईला पानी प्यायला भांडं न्हाई."

"तेच तर म्हनायला पायजे त्यांनी."

"तू गप. सातवी शिकलीस म्हनून मला रीत शिकवू नगंस."

आणि आक्का? आक्काने रत्नाला साथ द्यायची सोडून सगळ्या बायांकडून हळदीकुंकू लावून घेतलं. तिच्या नावाने कधी कुणी असं भरल्या हातांनी आलं नव्हतं. लग्न नाही, बारसं नाही, वाटणी नाही. आज पहिल्यांदाच आख्खी आळी तिच्या दारात उभी होती, आणि ती पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ठक् ठक् करत हिंडत होती, हे हितं ठिवा, ते तितं ठिवा. मग तिने चूल पेटवली. हुलग्याचं पीठ मळलं, दोन्ही तळव्यांमध्ये वळून वळून शेंगोळी केली आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या रश्श्यात सोडली. वास ओढ्यापर्यंत गेला असेल.

त्या वासात साहेब आले.

पौडहून एस.टी.ने फाट्यावर उतरून कुशाबाबरोबर चालत आले होते. निवृत्तीला टेकलेले, बारीक अंगाचे, बगलेत काळी पिशवी. पडवीच्या तोंडाशी ते थांबले. दोन हंडे, तीन कळशा, परात, डबे, नवी घोंगडी घातलेली बाज, वीस-बावीस बाया आणि एक कोंबडी. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"यातलं निराधार कोण?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. भांड्यांच्या मधून आक्का म्हणाली, "मी."

साहेब बाजेवर बसले. पिशवीतून छापील फॉर्म काढला. "मालमत्तेपासून सुरू करू," म्हणाले. त्यांनी पहिलाच हात गोजराबाईच्या हंड्याला घातला. तो फिरवला, कडेवर टोचून घातलेल्या अक्षरांजवळ डोळे नेले आणि वाचलं, "गोजराबाई सोपान, मुक्काम रिहे. हे कोण?"

"मी," गोजराबाई म्हणाली. "पन हंडा आता हिचा."

"नाव तर तुमचं आहे."

"नाव माजं. दिलाय मी तिला."

"लिहून दिलाय?"

"हंडा देताना कोन लिवून देतं?"

"मग माझ्या कागदावर हंडा तुमचाच."

"म्हंजी मी खोटं बोलते व्हय?" गोजराबाईचा आवाज चढला. रत्नाने मागून तिच्या कंबरेला चिमटा काढला. गोजराबाई गर्रकन वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "चिमटे कशापायी काढतीस गं?"

साहेबांनी मान वर केली नाही. ते शांतपणे एकेक भांडं उचलून वाचत गेले. परातीवर लीलाबाई. डब्यांवर लीलाबाईची सासू. एका कळशीवर 'चि. बहिरूच्या लग्नानिमित्त मामांकडून'. तव्यावर काहीच नव्हतं, पण तो नथूच्या घरचा हे नथूच्या बायकोने स्वतःहून सांगून टाकलं, कारण तिला रात्री भाकरीला तो परत हवा होता. भांडं वाचून झालं की साहेब ते डाव्या बाजूला ठेवायचे. डावीकडे ढीग झाला. उजवीकडे काहीच नाही.

"कोंबडी?"

"ती तिचीच," सारजाबाई म्हणाली. "कोंबडीवर काय नाव घालायचं."

"एक कोंबडी," साहेब पुटपुटले आणि लिहिलं.

रत्नाने सुस्कारा सोडला. पण पुढचा रकाना वाईट होता. "अर्जदार कोणाच्या चुलीवर जेवतो," साहेबांनी वाचलं. "भाऊ कोण? तुम्ही? सांगा."

जयसिंग पुढे आला. उत्तर त्याला पाठ होतं. येगळी ऱ्हाती, माजा काही संबंध न्हाई. दोन दिवस गोठ्यात तो म्हशींना ते म्हणून दाखवत होता.

"येगळी ऱ्हाती," तो म्हणाला. "माजा काही..." आणि थांबला. त्याने आक्काकडे पाहिलं.  "संबंध कसा न्हाई साहेब? थोरली भन हाय माजी. माज्यातच जेवते. आजपत्तुर माज्यातच जेवलीया."

कुशाबाने कपाळावर हात मारला. साहेबांचं पेन थांबलं. आक्का भावावर रागावली नाही. तिने फक्त वैलाच्या कडेवर हात टेकवला, गुराच्या पाठीवर टेकवावा तसा, आणि तो तिथेच ठेवला.

तो हात बघून रत्ना पुढे झाली. चारचौघांत, थोरामोठ्यांदेखत ती कधी मोठ्याने बोलली नव्हती.

"साहेब, एकडाव आत या."

ते आत आले. मागून जयसिंग आणि जेवढ्या मावल्या तेवढ्या बाया. रत्नाने ओटा दाखवला. त्याच्यावरची चूल, चकचकीत डबे, भिंतीला लावलेली फळी. "आक्का, या. हात लावा चुलीला."

आक्का ठक् ठक् करत आली. तिने हात वर केला. बोटं ओट्याच्या कडेला लागली. चूल वीतभर आतच राहिली.

"तिला आधार हाय असं तुमी लिवलंत," रत्ना म्हणाली. "त्ये खरं हाय. आमी हाओत की. जीव टाकतो तिच्यावर. पन तिला चूल न्हाई. तिची चूल मी घेतली साहेब. कळलं बी न्हाई मला." तिचा आवाज चिरकला तशी तानी रडायला लागली, आणि मग तानीला गप्प करायच्या निमित्ताने तिला डोळे पुसता आले.

जयसिंग ओट्याकडे असा बघत होता, जणू तो त्याच्या घरात कुणी रात्रीतून आणून ठेवलाय.

"माझ्या फॉर्ममध्ये ओट्याचा रकाना नाही," साहेब हळूच म्हणाले.

ते पडवीत परत गेले. चुलीपुढे उकिडवे बसले. एका बाजूला रस्सा रटरटत होता, वैलावर भात मुरत होता. "ही चूल कुणी घातली?"

"मी," आक्का म्हणाली.

"आज कुणाच्या चुलीवर जेवणार?"

"ह्या."

"उद्या?"

"ह्याच."

"आणि परवा?"

 आक्काने भावाकडे पाहिलं. मग रत्नाने पाहिलं, गोजराबाईने पाहिलं, सगळ्या आळीने पाहिलं. एक दिवसाचा वायदा केलेला माणूस पडवीच्या मेढीला टेकून उभा होता.

"हितंच," शेवटी जयसिंग म्हणाला. "ऱ्हाऊ दे चूल." मग नाक ओढून विचारलं, "आन् मी कधीमधी येऊन तिच्याकडं जेवलो तर चालंल का कागदाला?"

"पाहुणा म्हणून आलात तर कागदाची काही हरकत नाही." साहेबांनी रकाना भरला. खाली सही केली. "मी मंजुरीसाठी पाठवतो. पण सहा महिन्यांनी न सांगता येईन. चूल थंड दिसली तर अनुदान बंद."

"दुपारचं या," आक्का म्हणाली. "म्हंजी चूल बी तापल्याली आसंल आन् जेवन बी. आज बी बसा."

"चौकशीला गेलेल्या घरी मी पाण्याशिवाय काही घेत नाही. अर्जदाराच्या घरचं खायचं नाही, हा माझा नेम आहे."

"तिच्या घरचं हितं हाय काय?" गोजराबाई मघापासून दबा धरून बसली होती. "हंडा माजा. परात लीलीची. तांदूळ गंगूचे, पडवी जयसिंगची. तुमीच लिवलंय. तिची नुसती कोंबडी, आन् ती तर शिजवली न्हाई."

साहेबांनी फॉर्मकडे पाहिलं, मग डावीकडच्या ढिगाकडे. त्यांचे खांदे आधी गदगदा हलले, हसू नंतर बाहेर आलं. चष्मा काढून त्यांनी पिशवीत ठेवला आणि मांडी घातली. शेंगोळी त्यांनी दोनदा मागून घेतली. तिसऱ्यांदा आक्काने न विचारता वाढली.

मंजुरीचा कागद यायला फाल्गुन उजाडला. तोवर आक्काच्या चुलीचं पोतेरं रोज सकाळी ओलं असायचं. जयसिंगने न सांगता पडवीला कूड घातला, दाराला कडी लावली, आणि हाताला येईल अशा उंचीवर फळ्या ठोकल्या. ठोकताना प्रत्येक फळीला तो आक्काला हात वर करून दाखवायला लावत होता. मनिऑर्डर कधी महिन्याला यायची, कधी तीन महिन्यांची एकदम. आक्का म्हणायची, सरकार विसराळू आहे, पण मनाने वाईट नाही.

रत्नाला मात्र सवय लागायला वेळ लागला. कागद आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिने जुन्या सवयीने पुन्हा आक्काचं ताट वाढलं आणि पडवीत नेलं.

"परत ने," आक्का म्हणाली. "माजं झालंय करून."

रत्ना ताट हातात घेऊन उभी राहिली. कोपऱ्यात तानी मांडी घालून बसली होती, तोंडभर कालवण माखलेलं. आईकडे तिने ओळख नसल्यासारखं पाहिलं.

"ही कवा आली?"

"पाव्हनी हाय. रोज येते. तू बी बस."

रत्ना बसली. पाणी घ्यायला हात पुढे केला तर आक्काने ठोकळ्याने तो हळूच बाजूला सारला. "पाव्हन्यानं हात लावायचा न्हाई. मी देते." तिने तांब्या दिला, तव्यावरची भाकरी दिली, कालवण वाढलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत राहिली.

रत्नाने घास घेतला.

"कसं झालंय?"

रत्नाने घास गिळला. "मीठ जरा जास्त झालंय, आक्का."

"झालं तर झालं," आक्का आरामात म्हणाली आणि तिला आणखी एक पळी वाढली. "माज्या घरी एवडं पडतं."